संमेलनाचे नगर

घरात लग्नकार्य निघाले, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींत एका प्रश्नाची चर्चा सुरू होते: कार्य कोठे करावे? कोणी म्हणतो, गावच्या घरी; कोणी म्हणतो, शहरातील कार्यालयात. मग पाहुण्यांची मोजदाद होते. वृद्ध आत्याबाईंना जिना चढवेल का, परगावचे सोयरे रात्रीच्या गाडीने उतरले तर त्यांना आणावयास कोण जाईल, पंगतीला पाणी पुरेल का, अवेळी पाऊस आला तर काय करावयाचे, अशा सर्व गोष्टींचा खल केला जातो. कार्यालयाची कमान किती शोभिवंत आहे, हा विचार त्यानंतरचा. घरच्या कार्याला जो न्याय लागू, तोच हजारो माणसांच्या संमेलनालाही लागू पडतो. भेद इतकाच, की तेथे नुसते कार्यालय निवडून भागत नाही. सबंध नगर निवडावे लागते.

आपल्याकडे मराठी साहित्य संमेलनाची परंपरा जुनी आहे. त्याचे पहिले अधिवेशन १८७८ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास भरले. पुढे हे संमेलन निरनिराळ्या गावी भरत आले. त्यामुळे यजमानपणाचा मान आणि भार दोन्ही वाटले जातात. परंतु काही संमेलने वर्षानुवर्षे एकाच नगरात भरतात. अशा संमेलनासाठी नगर निवडताना चूक झाली, तर ती एका वर्षाने विसरली जात नाही. म्हणून अशी निवड फार विचारपूर्वक करावी लागते. अमेरिकेतील अशाच एका संमेलनाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ते विद्वानांचे किंवा पुढाऱ्यांचे नसून हौसेने खेळ खेळणाऱ्यांचे आहे. त्याचे नाव ‘जेन कॉन’.

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहते. जेन कॉनमधील खेळ मात्र मेजाभोवती बसून खेळावयाचे असतात. त्यांत पटावरचे खेळ असतात, पत्त्यांचे असतात, तसेच नकाशावर चिमुकले सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हा लढण्याचेही असतात. आणखी एका प्रकारात चारसहा गडी मिळून एक कथा रचतात. प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यावयाची, एकाने सूत्रधार व्हावयाचे, आणि संकटातून पात्र निभावते की नाही हे फासे टाकून ठरवावयाचे, अशी त्याची रीत आहे. असा एकेक डाव चारचार, पाचपाच तास चालतो.

या संमेलनाचा जन्म अमेरिकेच्या उत्तर भागातील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावी झाला. सरोवराच्या काठचे हे लहानसे गाव शिकागोकरांचे विसाव्याचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे राहणारे गॅरी गायगॅक्स हे युद्धक्रीडेचे मोठे शौकीन होते. १९६७ साली त्यांच्या घरीच काही मित्र खेळावयास जमले. पुढील वर्षी घर अपुरे पडेल हे ओळखून त्यांनी गावातील ‘हॉर्टिकल्चरल हॉल’ हे सभागृह पन्नास डॉलर भाड्याने घेतले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तेथे पहिले रीतसर संमेलन भरले व सुमारे शंभर माणसे आली. युद्धातील आचरणाविषयी राष्ट्राराष्ट्रांनी केलेले करार ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन’ या नावाने ओळखले जातात. गाव जिनिव्हा, खेळ युद्धाचे, आणि इंग्रजीत संमेलनालाही ‘कन्व्हेन्शन’च म्हणतात! या शब्दश्लेषातूनच ‘जेन कॉन’ हे नाव निघाले.

तेव्हा नगराची निवड अशी कोणी केलीच नव्हती. यजमानाचे गाव तेच संमेलनाचे गाव, एवढाच हिशेब होता. तरीही त्या लहानशा जागेने एक मोठे काम केले. १९६९ च्या दुसऱ्या संमेलनात गायगॅक्स यांची डेव्ह आर्नेसन या तरुण खेळाडूशी गाठ पडली. पुढे या दोघांनी मिळून रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांचा तो आद्य ठरला. दोन अनोळखी माणसे एका छपराखाली आली नसती, तर हा खेळ कदाचित निर्माण झाला नसता. संमेलनाचे खरे प्रयोजन या गोष्टीतून ध्यानात येते. संमेलन म्हणजे गाठीभेटी. ज्या नगरात अशा गाठीभेटी सहज घडतात, ते नगर संमेलनाला योग्य.

खेळांची कीर्ती पसरली, तशी माणसे वाढली. एका सभागृहात मावेनासे झाल्यावर गावातील इतर जागा घ्याव्या लागल्या. अखेर १९७८ साली संमेलनाने जन्मगाव सोडले आणि मिशिगन सरोवराकाठच्या केनोशा येथील विद्यापीठात मुक्काम हलविला. ही निवड चतुराईची होती. ऑगस्टमध्ये विद्यार्थी सुटीवर असतात. वर्ग, मेजे आणि खुर्च्या रिकाम्या असतात. खेळणाऱ्यांना आणखी काय हवे? १९८४ पर्यंत संमेलन तेथेच भरत राहिले. परंतु वर्गात बसून खेळता आले, तरी वर्गात निजता येत नाही. पाहुणे हजारोंनी मोजावे लागू लागले, तेव्हा मोठ्या शहराची गरज भासली. १९८५ मध्ये संमेलन मिलवॉकी या शहरात गेले आणि २००२ पर्यंत तेथे नांदले.

मिलवॉकीतही तोच इतिहास घडला. पहिल्या वर्षी तेथे सुमारे पाच हजार माणसे आली होती. दहा वर्षांत ती संख्या कितीतरी पटींनी वाढली. सदरा चांगला असला, तरी वाढत्या मुलाला तो आखूड होतोच. २००३ साली संमेलन विस्कॉन्सिनला निरोप देऊन इंडियाना राज्याची राजधानी इंडियानापोलिस येथे गेले.

इंडियानापोलिसचे नाव ऐकून मनात कोणतेही रमणीय चित्र उभे राहत नाही. तेथे समुद्र नाही, बर्फाच्छादित शिखरे नाहीत, प्राचीन मंदिरे किंवा राजवाडेही नाहीत. मग या नगरात असे काय आहे? ते समजावयाचे, तर खेळ-संमेलनाच्या गरजा एकेक करून तपासल्या पाहिजेत.

पहिली गरज बैठकीची. व्याख्यानाला आलेला श्रोता तासाभराने उठून जातो व त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळते. खेळणारा मात्र एकदा बसला की चार तास हलत नाही. शिवाय त्याला खुर्चीबरोबर मेजही लागते. म्हणून दहा हजार श्रोत्यांना पुरणारी जागा दहा हजार खेळाडूंना पुरत नाही. इंडियानापोलिसचे प्रशस्त संमेलनगृह नगराच्या अगदी मध्यावर आहे. २०११ साली त्याचा विस्तार झाला. त्याच्या जवळच लुकास ऑइल स्टेडियम हे फुटबॉलचे विशाल क्रीडागृह आहे. २०१७ साली जेन कॉनचे पन्नासावे अधिवेशन भरले, तेव्हा त्या क्रीडागृहातही मेजे मांडून खेळाची सोय करण्यात आली.

दुसरी गरज निवासाची. खेळ रात्री उशिरापर्यंत रंगतात. मध्यरात्री डाव संपल्यावर जड पेट्या काखोटीला मारून कोसभर चालणे कोणाला आवडेल? इंडियानापोलिसमध्ये दहाहून अधिक हॉटेले संमेलनगृहाला बंदिस्त पुलांनी जोडलेली आहेत. पाऊस असो वा ऊन, पाहुणा आपल्या खोलीतून निघून रस्ता न ओलांडता खेळाच्या मेजापाशी पोहोचतो. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना आणि लहान मुलांसह आलेल्यांना हे पूल किती उपयोगी पडतात, हे सांगावयास नकोच.

तिसरी गरज वाटेची. इंडियाना राज्याचे ब्रीदच मुळी ‘अमेरिकेचा चव्हाटा’ या अर्थाचे आहे. अनेक राजमार्ग या नगरात येऊन मिळतात. शिकागो येथून सुमारे तीनशे किलोमीटरांवर आहे. विमानाचे तिकीट ज्यांना परवडत नाही, असे चार मित्र एका मोटारीत बसून, खर्च वाटून घेऊन सकाळी निघतात व दुपारी पोहोचतात. दूरच्यांसाठी विमानतळ आहेच.

चौथी गरज आतिथ्याची. ज्या नगराला पाहुण्यांची सवय नाही, ते गर्दी पाहून गोंधळते. इंडियानापोलिसमध्ये १९११ पासून मोटारींची प्रसिद्ध शर्यत भरत आली आहे. परगावच्या लोकांना सामावून घेणे हे तेथील लोकांच्या अंगवळणी पडले आहे. संमेलनाच्या चार दिवसांत आसपासची उपाहारगृहे आपल्या पदार्थांना खेळातील पात्रांची व राक्षसांची नावे देतात, तेव्हा विचित्र पोशाख करून हिंडणाऱ्या पाहुण्यालाही आपण परके नाही असे वाटते.

प्रसिद्ध आणि निसर्गरम्य ठिकाण निवडले म्हणजे संमेलन आपोआप यशस्वी होते, असे मात्र नाही. याच जेन कॉनची एक शाखा २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे काढण्यात आली. तेथील हवा सुखद, आणि जगप्रसिद्ध डिस्नेलँड हाकेच्या अंतरावर! तरी ती शाखा रुजली नाही. २००६ नंतर ती बंद झाली. उलट जर्मनीतील एसेनचे उदाहरण पाहा. कोळसा व पोलाद यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नगरात १९८३ साली प्रौढशिक्षणाच्या एका संस्थेत खेळांचा लहानसा मेळावा भरला. आज ‘श्पील’ या नावाने भरणाऱ्या त्या मेळ्याला चार दिवसांत दोन लाखांच्या आसपास लोक भेट देतात. एसेन हे दाट वस्तीच्या रूर प्रदेशाच्या मध्यावर आहे. नेदरलँड्स व बेल्जियम जवळ आहेत, आणि आगगाडीने आलेल्या उतारूला भुयारी गाडीने थेट प्रदर्शनापर्यंत जाता येते. जेथे पोहोचणे सोपे, तेथे माणसे येतात.

येथवर आपण जागा, निवास, वाट आणि आतिथ्य यांचा विचार केला. परंतु एका गरजेचे मोजमाप फूटपट्टीने होत नाही. २०१५ च्या मार्च महिन्यात इंडियाना राज्यात धर्मस्वातंत्र्याच्या नावाने एक कायदा झाला. त्याचा आधार घेऊन दुकानदार किंवा हॉटेलवाला काही लोकांना, विशेषतः समलिंगी व्यक्तींना, सेवा नाकारू शकेल, अशी भीती अनेकांना वाटली. कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे असे, की त्याचा हेतू केवळ श्रद्धेचे रक्षण करणे हा आहे. जेन कॉनच्या चालकांनी राज्यपालांना पत्र लिहिले. आमच्या संमेलनामुळे नगराला दरवर्षी पाच कोटी डॉलरांहून अधिक लाभ होतो. आमच्या पाहुण्यांत सर्व प्रकारची माणसे आहेत. पुढे येथे यावे की नाही हे ठरविताना या कायद्याचा विचार आम्हाला करावा लागेल, असा त्या पत्राचा आशय होता. इतर अनेक संस्थांनीही आवाज उठविला. थोड्याच दिवसांत, एप्रिलच्या आरंभी, कोणालाही सेवा नाकारण्यासाठी कायद्याचा आधार घेता येऊ नये म्हणून त्यात दुरुस्ती करण्यात आली. संमेलन इंडियानापोलिसमध्येच राहिले.

हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. चालकांना रागाने निघून जाता आले असते. पण बारा वर्षांत जमलेला संसार मोडणे सोपे नव्हते, आणि नगरातील असंख्य स्नेही नागरिकांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांना गप्पही बसता आले असते. पण मग ज्या पाहुण्याच्या मनात धास्ती होती, त्याला काय उत्तर देणार होते? यजमानाने दार उघडे ठेवले नाही, तर मांडव कितीही मोठा असून काय उपयोग?

निवड उत्तम झाली, म्हणजे सर्व अडचणी संपल्या असे समजू नये. २०२३ साली या संमेलनास सत्तर हजारांहून अधिक माणसे आली. पुलांनी जोडलेल्या हॉटेलांतील खोल्या इतक्यांना कशा पुरणार? खोली मागण्याचा क्रम आता चिठ्ठ्या टाकाव्यात तसा ठरविला जातो. ज्याचा क्रम मागे, त्याला दूरची खोली मिळते. चार पैसे साठवून आलेला विद्यार्थी आणि सुखवस्तू गृहस्थ यांतील अंतर अशा वेळी जाणवू लागते. ज्या सभागृहात १९६९ साली गायगॅक्स व आर्नेसन सहज भेटले, त्यातील जवळीक सत्तर हजारांच्या गर्दीत कशी टिकवावी, हा प्रश्न चालकांपुढे आहे आणि तो दरवर्षी नव्याने सोडवावा लागणार आहे.

म्हणून सर्वोत्तम नगर कोणते, या प्रश्नाचे उत्तर नकाशावर कायमचे लिहून ठेवता येत नाही. शंभर माणसांसाठी लेक जिनिव्हा उत्तम होते. हजारांसाठी केनोशा व मिलवॉकी उत्तम ठरली. आज इंडियानापोलिस उत्तम आहे. पाहुणे बदलले की यजमानाची परीक्षाही बदलते. परंतु परीक्षेचा एक प्रश्न मात्र कायम राहतो. रात्रीच्या शेवटच्या गाडीने, खिशात थोडे पैसे घेऊन, कोणाचीही ओळख नसताना जो येतो, त्याला या नगरात निजावयास जागा, बसावयास खुर्ची आणि खेळावयास सोबती मिळेल का? ज्या नगराला या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येते, तेच संमेलनाचे नगर होय.

स्वाध्याय

१. लेखकाने लग्नकार्याचे उदाहरण पाठाच्या आरंभी का दिले असावे?
२. व्याख्यानाची जागा आणि खेळ-संमेलनाची जागा यांत कोणता फरक आहे?
३. अॅनाहाइम व एसेन या दोन उदाहरणांतून काय दिसून येते?
४. २०१५ सालच्या प्रसंगी संमेलनाच्या चालकांनी कोणता मार्ग पत्करला? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
५. तुमच्या तालुक्यातील शाळांचे तीन दिवसांचे खेळ-संमेलन भरवावयाचे आहे. त्यासाठी एक गाव निवडा आणि निवडीची कारणे दहा ओळींत लिहा.