हिरड्यांचा मूक विकार

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जत तालुक्यात, महाराष्ट्राच्या अन्य ग्रामीण भागांप्रमाणेच, मिश्री लावण्याची सवय जुन्या पिढीतील स्त्रियांमध्ये आढळते. हिरड्यांतून रक्त आले की उष्णतेला आणि दात हलू लागला की वयाला दोष द्यावयाचा, ही रीतही तितकीच जुनी. वस्तुतः उतारवयात दात हलण्यामागे बहुधा हिरड्यांचा वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला विकार असतो.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. आरंभीचा विकार पूर्ण बरा होतो, हा त्याचा अर्थ.

थर तसाच राहिल्यास त्याचे कठीण कीटण बनते आणि दात व हिरडी यांमधील फट खोल होत जाते. तेथे प्राणवायू कमी असल्याने पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू फोफावतात. संख्येने थोडे असूनही ते शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेची दिशाभूल करतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, परंतु जिवाणूंचा नायनाट होत नाही. लांबलेल्या या झुंजीत पेशींनी सोडलेली द्रव्ये हिरडीलाच इजा करतात आणि हाड विरघळविणाऱ्या पेशींना चेतवितात. म्हणजे दाताचा आधार मुख्यतः शरीराच्या न थांबणाऱ्या प्रतिकारानेच झिजतो, आणि तोही बहुधा वेदनेवाचून.

धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो. मिश्री जेथे चोळली जाते, तेथे हिरडी मागे सरते. मधुमेहाचे नाते तर दुहेरी आहे: वाढलेली साखर हा विकार बळावते आणि हिरड्यांचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही.

‘दात साफ करून घेतले की सैल होतात’ हा समज निराधार आहे. कीटण निघाल्यावर आधीचीच झीज उघडी पडते, इतकेच. गेलेले हाड सहसा आपोआप परत येत नाही. म्हणून जतच्या कुटुंबांनी रक्ताची पहिली खूण दिसताच दंतवैद्य गाठावा. तालुक्यात सोय न झाल्यास सांगलीत दंतमहाविद्यालयांची रुग्णालये आहेत. दोन वेळा ब्रश आणि मिश्रीला कायमचा निरोप, हे मात्र घरीच, आजपासून करता येईल.