नोंदीचा क्रमांक वेगळा, पावतीचा वेगळा

इगतपुरी तालुक्यातली घोटी तांदळाच्या व्यापारासाठी आणि भात गिरण्यांसाठी ओळखली जाते. भाताची झोडणी उरकली की आसपासच्या गावांतला माल इथे येऊ लागतो आणि वजनकाट्यापाशी पावत्यांची घाई उडते. हा हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेटाबेसमध्ये ठेवला, तर प्रत्येक नोंदीला आपोआप क्रमांक देणारी ‘ऑटोनंबर’ची सोय हाताशी असते. तोच क्रमांक पावतीवर छापून मोकळे व्हावे असे कुणालाही वाटेल, पण ते करू नये.

ॲक्सेसमध्ये नव्या नोंदीचे पहिले अक्षर टाइप होताच क्रमांक खर्ची पडतो. शेतकऱ्याचे नाव लिहायला घेतले, ४१२ आकडा उमटला, तेवढ्यात वजन बाकी असल्याचे कळले आणि मुनिमाने एस्केपचे बटण दाबले, तर पुढची नोंद ४१३ होते. हा दोष नव्हे. दोन नोंदींची गल्लत होऊ न देणे, एवढेच ऑटोनंबरचे काम आहे आणि ते तो चोख करतो. खातेदार क्रमांक ५७ यादीतून काढून तोच क्रमांक नव्या माणसाला दिला, तर जुन्याची उचल नव्याच्या खात्यावर दिसू लागेल. नावावर किंवा मोबाइल नंबरवर विसंबता येत नाही. एकाच नावाचे दोघे एका गावात सापडतात आणि नंबर बदलतात. तेव्हा आतल्या जोडणीसाठी ऑटोनंबर हवाच.

बिलाचे मात्र तसे नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे करबीजकाचा क्रमांक ओळीने, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. करमुक्त मालाच्या ‘बिल ऑफ सप्लाय’लाही नियम ४९ तेच सांगतो. जीएसटीआर-१ मध्ये तर कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत बिले काढली आणि त्यांतली किती रद्द केली, हे भरावे लागते. छापील पावतीपुस्तकात खराब झालेले पान ‘रद्द’ असा शेरा मारून जपता येई. वरच्या ४१२ ची मात्र नोंदच नाही, मग दाखवणार काय?

दोन क्रमांक म्हणजे दुप्पट काम, हा आक्षेप टिकत नाही, कारण ऑटोनंबर पडद्यावर दाखवायचीही गरज नसते. ‘शेवटच्या पावतीत एक मिळवला की झाले’ हे म्हणणे जास्त वजनदार आहे. एकच संगणक असेल तर ते बरोबरही आहे. पण दोन टेबलांवर एकाच क्षणी पावती निघाली, तर दोघांनाही तोच आकडा मिळू शकतो. म्हणून पावती क्रमांक नोंद जतन होतानाच द्यावा आणि त्या रकान्यावर ‘पुनरावृत्ती नको’ असे बंधन घालावे. मग मागून आलेली नोंद अडते आणि तिला पुढचा क्रमांक देता येतो. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ने गाळलेले आकडे परत मिळतील, या भरवशावरही राहू नये, मधल्या फटी त्याने बुजत नाहीत.

हिशेबाची प्रणाली बनवून घेणाऱ्या प्रत्येक गिरणीवाल्याने हे दोन रकाने वेगळे मागावेत, आणि पावती पुसण्याऐवजी रद्द करण्याची सोयही त्यातच करून घ्यावी.