सुदान ब्लॉक : मुठेच्या खोऱ्यातलं आफ्रिकेचं नाव

पुण्याहून निघून वारजे मागे टाकलं, की शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे अशी गावं ओवत जाणाऱ्या रस्त्याला सगळे ‘एनडीए रोड’च म्हणतात. रस्ता ज्या फाटकाशी पोचतो, त्याच्या आत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथल्या मुख्य इमारतीचा घुमट आपण बातम्यांत आणि छायाचित्रांत कितीदा तरी पाहिलेला असतो. इमारतीचं नाव विचारलं, तर मात्र बरेच जण थांबतात. ते आहे ‘सुदान ब्लॉक’. समोर सिंहगड, पायथ्याशी खडकवासल्याचं पाणी आणि मधे नाईलकाठच्या देशाचं नाव! लहानपणी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा सुदान हे कुणा सेनापतीचं आडनाव असावं, असंच मला वाटलं होतं.

या नावाची मुळं १९४० सालात आहेत. त्या वर्षीच्या जुलैत मुसोलिनीच्या फौजा एरिट्रियातून सरहद्द ओलांडून सुदानात शिरल्या आणि त्यांनी कसाला शहर घेतलं. सुदानवर तेव्हा कागदोपत्री इंग्लंड आणि इजिप्तचं संयुक्त राज्य होतं, कारभार इंग्रजांचा होता आणि राखणीला सैन्य मूठभर. सप्टेंबरपासून तिथे पाचवी हिंदी डिव्हिजन उतरू लागली. डिसेंबरात इजिप्तच्या वाळवंटातली लढाई अर्ध्यावर सोडून चौथी हिंदी डिव्हिजनही तिकडे वळवली गेली. जानेवारी १९४१ मध्ये कसाला परत मिळालं आणि शत्रूच्या पाठोपाठ या पलटणी एरिट्रियाच्या डोंगरांत चढल्या.

तिथे वाटेत केरेन होतं. पठारावरचं गाव, वर जायला एकच खिंड आणि दोन्ही बाजूंच्या उघड्याबोडक्या सुळक्यांवर ठाण मांडून बसलेला शत्रू. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू झालेली ही लढाई २७ मार्चला संपली. पाणी, दारूगोळा, जखमी जवान, सगळं माणसांनीच चढवायचं आणि उतरवायचं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण इथे लढली. देशावरच्या आणि कोकणातल्या घरांतून गेलेली ही मुलं. कडे आणि खिंडी त्यांना नवख्या नव्हत्या, पण घरापासून इतक्या दूर, परक्या राजासाठी असा घाट चढावा लागेल, हे त्यांच्या घरच्यांनी कधी मनातही आणलं नसेल. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम इथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

याच मोहिमेतला आणखी एक धागा थेट पुण्यात येतो. मेटेमा हे शत्रूचं ठाणं घेतल्यावर पाठलाग सुरू झाला, तेव्हा रस्ता सुरुंगांनी पेरलेला होता. तो मोकळा करायचं काम सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांच्यावर आलं. ते होते बॉम्बे सॅपर्सच्या तुकडीत, म्हणजे आपल्या खडकीच्या. सगळ्यांत पुढच्या गाडीत बसून चार दिवसांत त्यांनी ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं हुडकून साफ करून घेतली. दोनदा त्यांच्या गाडीखालीच स्फोट झाला, कानाचा पडदा फाटला, तरी ते कामावरून हटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

हिंदी सैनिकांचा हा त्याग लक्षात ठेवून सुदानच्या सरकारनं १९४१ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे एक लाख पौंड दिले. त्यातून युद्धस्मारक उभारावं, अशी इच्छा होती. स्मारक म्हटलं की स्तंभ, कमान किंवा पुतळा डोळ्यांसमोर येतो. इथे विचार वेगळ्या दिशेनं गेला. तिन्ही दलांचे भावी अधिकारी एकत्र शिकतील अशी संस्था हेच स्मारक, असं ठरत गेलं. सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं डिसेंबर १९४६ मध्ये अहवाल दिला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि या देणगीचीही वाटणी झाली : ७०,००० पौंड भारताला, ३०,००० पाकिस्तानला. हिशेब चोख झाला. पण केरेनच्या उतारांवर पंजाबी मुसलमान, शीख, गढवाली, बलुच, मराठे खांद्याला खांदा लावून पडले होते. त्या रक्ताची फोड कुठल्या प्रमाणात करायची? हा वाटणीचा आकडा वाचताना मी दर वेळी अडखळतो.

जागेसाठी खडकवासला निवडलं गेलं, त्याला सबळ कारणं होती. नौदलाच्या शिक्षणाला तलाव, पायदळाच्या शिक्षणाला डोंगर आणि जवळच पुण्यासारखं लष्कराची जुनी वस्ती असलेलं शहर. युद्धकाळात याच तलावाच्या काठी समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचं शिक्षण दिलं जाई. त्यासाठी ‘एचएमएस अंगोस्टुरा’ नावाचं नकली जहाजही तिथे उभारलेलं होतं. मुंबई राज्यानं ८,०२२ एकर जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. तोवर डेहराडूनच्या क्लेमंट टाउनमध्ये त्याच वर्षी १ जानेवारीपासून तिन्ही दलांचं एकत्रित शिक्षण सुरू झालं होतं. तो संसार इकडे हलवला गेला आणि १६ जानेवारी १९५५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं उद्घाटन झालं.

सुदान ब्लॉक ही प्रबोधिनीची प्रशासकीय इमारत. तीन मजली, बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटची, जोडीला जोधपूरचा तांबडा वालुकाश्म. बाहेरून कमानी, खांब, लांबच लांब व्हरांडे आणि माथ्यावर घुमट. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा दगड. सह्याद्रीच त्याचा, किल्ले त्याचे, लेणी त्याचीच. तो छिन्नीला सहजासहजी दाद देत नाही. म्हणून आपल्याकडच्या दगडी बांधकामात नक्षीपेक्षा घडीव चिऱ्यांच्या सरळ रेषांनाच शोभा असते. वालुकाश्माचा स्वभाव याच्या उलट, मऊ आणि हाताळायला सोपा. त्याला धार, गोलाई, नक्षी सगळं मानवतं. या दोन दगडांनी एका इमारतीत नांदणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. एक इथल्या डोंगराच्या पोटातला, दुसरा मरुभूमीतून आलेला, आणि आत शिकायला येणारी मुलंही अशीच निरनिराळ्या मातीतली.

व्हरांड्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सिंहगडाकडून येणारा आडवा पाऊस ज्यानं अंगावर घेतला आहे, त्याला खोल व्हरांड्याचं मोल सांगावं लागत नाही. भिंत आणि पाऊस यांच्यामध्ये तो एक पदर धरतो. उन्हाळ्यात तोच पदर सावलीचा होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची काळ्या दगडातली इमारत पाहा किंवा गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत, कमानींची ओळ आणि तिच्यामागची सावली दोन्हीकडे भेटते. सुदान ब्लॉक हे त्याच घराण्यातलं धाकटं भावंड.

धाकटं म्हणण्याचं कारण काळाचं आहे. ही इमारत घडत होती, त्याच दशकात चंदीगडमध्ये ल कॉर्ब्युझिए उघड्या काँक्रीटमध्ये नवं शहर उभं करत होता आणि बंगळुरात विधानसौध द्राविडी मंदिरांची आठवण जागवत उभं राहत होतं. नव्या देशाला आपला चेहरा कसा असावा, हे अजून ठरवायचं होतं. खडकवासल्यानं कमान आणि घुमट निवडले. कुणी याला मागे पाहणं म्हणेल. माझ्या मते इथे हीच निवड योग्य होती. ज्या इमारतीचं मूळ कामच आठवण जपणं आहे, तिला ओळखीची भाषा बोलावीच लागते. काँक्रीटला पावसानं डाग पडतात, दगडावर मात्र पाऊस मुरतो आणि दगड आणखी गडद दिसू लागतो.

आत शिरल्यावर दालनात पांढऱ्या इटालियन संगमरवराची फरशी आणि भिंतींवर संगमरवराचंच आच्छादन. त्या भिंतींवर परमवीरचक्र आणि अशोकचक्र मिळवलेल्या इथल्या विद्यार्थ्यांची चित्रं आहेत. प्रबोधिनीचे पहिले परमवीरचक्र विजेते कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतल्या एलिझाबेथव्हिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून लढताना पडले. आफ्रिकेतल्या हौतात्म्याच्या स्मरणासाठी बांधलेल्या वास्तूतल्या पहिल्या परमवीराला मरणही आफ्रिकेतच आलं. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तर जन्मानं पुण्याचेच. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या रणगाडा-लढाईत ते पडले, तेव्हा वय होतं एकवीस. दीक्षान्त संचलनाचं मैदान आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

आता पुन्हा सुदानकडे. ज्या सरकारनं देणगी दिली, ते इंग्रजांचं होतं. ज्या देशाच्या वतीनं ती व्हाइसरॉयनं घेतली, तोही पारतंत्र्यातला. नंतर भारत मोकळा झाला. १९५३ मध्ये सुदानची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा ती पार पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला. म्हणून ३० मे १९५९ रोजी या इमारतीचं उद्घाटन करायला जे आले, ते कुठल्या साम्राज्याचे प्रतिनिधी नव्हते. ते होते स्वतंत्र सुदानचे भारतातले राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला. पारतंत्र्यात आरंभलेला व्यवहार दोन स्वतंत्र देशांनी पुरा केला. त्या दिवशी प्रबोधिनी सुरू होऊन चार वर्षं उलटली होती, पण माझ्या लेखी स्मारक पुरं झालं ते त्या दिवशी.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी पेटली. खार्टूममध्ये अडकलेल्या भारतीयांना ‘ऑपरेशन कावेरी’तून पोर्ट सुदानमार्गे बाहेर काढलं गेलं. नौदलाची जहाजं आणि हवाई दलाची विमानं त्या कामी होती. त्या दिवसांत मी सिंहगडावर गेलो होतो. खाली तलाव, पलीकडे प्रबोधिनीच्या इमारती. ज्या देशानं आपल्या माणसांची आठवण दगडात ठेवायला पैसे दिले, त्या देशातली घरं, दवाखाने, बाजार रोज उद्ध्वस्त होत असल्याच्या बातम्या खिशातल्या फोनवर येत होत्या. बराच वेळ मला तिथून उठवेना.

ऑगस्ट २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. तीन वर्षांचं शिक्षण पुरं करून त्यांतल्या सतरा जणी खेत्रपाल मैदानावरून ‘अंतिम पग’ ओलांडून बाहेर पडल्या, तो दिवस होता ३० मे २०२५. सुदान ब्लॉकच्या उद्घाटनाला त्या दिवशी सहासष्ट वर्षं पुरी झाली.