रिस्टार्ट लागणार असेल, तर आधी सांगा ना!

ज्यांना आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली इकडची-तिकडची बडबड काढली आहे, बाकी सगळं तसंच.

माझी आत्या तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. दाखले, शिष्यवृत्ती, अ‍ॅडमिशन, भरतीचे अर्ज. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि शेवटच्या तारखेला दाराबाहेरपर्यंत रांग. दिवाळीत गेलो होतो, तेव्हा सहज बघितलं तर एका कॉम्प्युटरवर अपडेट पूर्ण बंद. मी म्हटलं, "आत्या, लोकांची आधार कार्डं, पासबुकं सगळी याच्यावर स्कॅन होतात, आणि तू अपडेट बंद करून ठेवलंस?"

ती म्हणाली, "अरे, एका मुलीचा भरतीचा फॉर्म भरत होते. शेवटचा दिवस. फोटो झाला, सही झाली, फी भरायची तेवढी राहिली, आणि हा बाबा रिस्टार्टला गेला. ते गोल फिरतंय, फिरतंय, संपतच नाही. पोरगी रडायला लागली. शेवटी तिच्या मोबाइलवरून कसाबसा भरला. त्याच रात्री बंद करून टाकलं मी ते अपडेट."

"आधी काही मेसेज आला नव्हता?"

"येतो की रोज कोपऱ्यात काहीतरी. मी 'नंतर' दाबते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कोण वाचतंय ते?"

खरं सांगायचं तर मीही तेच करतो. तुम्हीही करत असाल. म्हणून आजचा विषय हाच: अपडेटला रिस्टार्ट मुळात लागतो कशाला, आणि तो लागणार हे आधी कळतं का?

रिस्टार्ट कशासाठी?

धावत्या एसटीचं चाक बदलता येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. प्रोग्रॅम डिस्कवर फाइलच्या रूपात पडलेला असतो. तो चालू केला की त्याचा कोड मेमरीत येतो आणि काम तिथून चालतं. आता अपडेटला ती फाइल बदलायची आहे. वापरात असलेल्या फाइलवर विंडोज सहसा दुसरी फाइल लिहू देत नाही. मग नवी फाइल बाजूला ठेवली जाते आणि नोंद होते, की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना, कुणी ती फाइल उघडायच्या आत, अदलाबदल करायची.

लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमची फाइल बदलता येते, पण तो प्रोग्रॅम मेमरीतल्या जुन्या कोडवरच चालत राहतो. म्हणजे डिस्कवर नवं, चालतंय जुनं! आणि सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत चालूच असतो. तो न थांबवता दुरुस्त करायच्या युक्त्या आहेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये 2015 साली तशी सोय आली. पण त्या सगळ्या बदलांना पुरत नाहीत.

म्हणून अपडेट तीन प्रकारची असतात. एक, ज्याला काहीच लागत नाही. दोन, ज्याला फक्त ते अ‍ॅप बंद करून परत उघडावं लागतं. आणि तीन, ज्याला अख्खं मशीन रिस्टार्ट करावं लागतं.

मशीनला हे आधी माहीत असतं का?

बऱ्याचदा असतं! विंडोजच्या प्रत्येक अपडेटसोबत एक नोंद येते. तिच्यात तीनच उत्तरं असू शकतात: रिस्टार्ट कधीच लागत नाही, नेहमी लागतो, किंवा लागू शकतो. 'लागू शकतो' हे उत्तर टाळाटाळ नाही. ती फाइल त्या क्षणी कुणी उघडली आहे का, यावर ते खरोखर अवलंबून असतं. उबुंटूमध्ये रिस्टार्टची गरज पडली की सिस्टिम एक छोटी खुणेची फाइल तयार करते आणि ती बघून सूचना दाखवली जाते. पण ही खूण अपडेट बसल्यावर उमटते, आधी नाही.

खरी अडचण इथेच आहे. माहिती असते, पण माणसापर्यंत ती उशिरा येते, किंवा कामाच्या मधोमध येते, किंवा अशा भाषेत येते की बोट आपोआप 'नंतर'वर जातं.

नीट सांगितल्याचं उदाहरण द्यायचं तर कॉम्प्युटरवरचा क्रोम बघा. अपडेट मागच्या मागे उतरतं. तुम्ही ब्राउझर बंद केला नाहीत, तर वर कोपऱ्यात रंग दिसतो. हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झाले नाहीत, केशरी म्हणजे चारेक दिवस झाले, लाल म्हणजे किमान आठवडा. काम थांबत नाही, पण घाई किती ते कळतं.

फोनमध्ये वेगळी युक्ती आहे. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. तुम्ही एकीवर रील्स बघत असता, तेव्हा दुसरीवर अपडेट बसतं. ही सोय असलेल्या फोनला शेवटी फक्त एक रिस्टार्ट पुरतो.

'नंतर' म्हणजे कधी?

इथे जोखीम खरी आहे. 14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक गंभीर भोक बुजवणारं अपडेट दिलं. 12 मे ला त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. अपडेट डाउनलोड झालं पण रिस्टार्ट बाकी आहे, याचा अर्थ भोक अजून उघडंच असू शकतं.

मग आपण काय करायचं? विंडोज असेल तर चार गोष्टी:

– महिन्याचा दुसरा मंगळवार लक्षात ठेवा. 2003 पासून मायक्रोसॉफ्टची नियमित सुरक्षा अपडेट त्याच दिवशी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे बुधवारी, गुरुवारी रिस्टार्ट मागितला जाणार हे धरूनच चाला.

– सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' भरा. जास्तीत जास्त 18 तास देता येतात. त्या वेळात विंडोज स्वतःहून रिस्टार्ट करत नाही.

– परीक्षा, मुलाखत, फॉर्मची शेवटची तारीख असेल तर अपडेट 'पॉज' करा, कायमचं बंद नको. पॉजची मुदत संपते, बंद केलेलं आपण विसरतो.

– "मी रोज शट डाउन करतोच की!" पुरत नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. अपडेटसाठी 'रिस्टार्ट'च निवडा.

आणि ऐकणाऱ्यांपैकी जे सॉफ्टवेअर लिहितात, त्यांना एक विनंती. 'इन्स्टॉल' बटणाच्या वर तीन ओळी लिहा: रिस्टार्ट लागेल का, साधारण किती वेळ जाईल, आणि पुढे ढकलता येईल का. बटण दाबल्यानंतर नाही, दाबायच्या आधी. माणूस एकदा फसला की तो पुढचा मेसेज वाचत नाही, थेट अपडेटच बंद करतो. आत्याने तेच केलं होतं.

तिच्या दोन्ही कॉम्प्युटरवर आता अपडेट चालू आहेत. दुकानातल्या कॅलेंडरवर दर बुधवारी तिने पेनने 'रि.' लिहून ठेवलंय. त्या दिवशी रात्री शटर ओढायच्या आधी ती स्वतः रिस्टार्ट करते आणि तेवढ्यात दिवसाचा हिशोब लिहून काढते.

तुमच्याही ओळखीत अपडेट बंद असलेला एखादा कॉम्प्युटर असेल. त्या माणसावर चिडू नका. आधी विचारा, "बंद का केलंत?" बहुतेक एक गोष्ट ऐकायला मिळेल. ती मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात!