भाताची प्रत आणि हाती येणारा पैसा

पनवेल भागात मळणी झाली की पुष्कळ जण विचारतात, 'अ' प्रतीचं भात लावलं तर पैसे जास्त येतील का? हिशेब बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरलेला हमीभाव क्विंटलला साधारण भातास २,३६९ रुपये आणि 'अ' प्रतीस २,३८९ रुपये. फरक २० रुपयांचा. २० क्विंटलला ४०० रुपये.

खरा तोटा ओल्या मालात आहे. सरकारी खरेदीत ओलावा १७ टक्के, खडे-माती १ टक्का आणि पोचट दाणे ३ टक्के, एवढेच चालतात. त्यापुढे माल परत. मग व्यापारी देईल तो भाव.

"वाळवलं की वजन घटतं ना?" घटते. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो भात १७ टक्क्यांवर आणले की सुमारे ९६.४ किलो उरते. हमीभावाने त्याचे २,२८३ रुपये होतात. त्यातून वाहतूक वजा करा. ओल्या भाताला खळ्यावर याहून कमी भाव मिळत असेल, तर वाळवणेच फायद्याचे.

म्हणून भात उफणून घ्या, ताडपत्रीवर पातळ पसरा, अधूनमधून हलवा आणि दव पडण्याआधी झाका. गाडी ठरवण्यापूर्वी पिशवीत नमुना बांधून न्या व ओलावा तपासून घ्या.