जुन्या पिकअपची टाकी रिकामी करताना

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस दुबईत राहणारा कुणीही सहजासहजी विसरणार नाही. त्या दिवशी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींमध्ये या देशात एवढा पाऊस कधी झालेला नव्हता. पाणी ओसरले, गाड्या वाळल्या; पण पाण्यात उभ्या राहिलेल्या काही गाड्या पुढे धक्के देऊ लागतात, चढावर गुदमरतात, मध्येच बंद पडतात. अशा वेळी टाकीत पाणी गेले असण्याची शक्यता पहिल्याने तपासावी. पाणी झाकणाच्या फटीतून किंवा हवेच्या नळीतून शिरते.

आपल्यापैकी काहीजणांकडे वाळवंटात तंबू ठोकायला जाण्यासाठी घेतलेली जुनी हायलक्स किंवा निस्सान पिकअप आहे. काहींच्या गावी, शेतावर, टेल्कोची टाटामोबाईल अजून उसाचे बेणे वाहते आहे. या गाड्यांची टाकी रिकामी करण्याचे प्रसंग तीन : टाकीत पाणी किंवा गंज जाणे, डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले जाणे, आणि टाकीतला पंप किंवा काट्याचा फ्लोट बदलणे. काम अवघड नाही. ते घातक आहे, आणि हा फरक नीट समजावा म्हणूनच हा लेख.

रिकामी टाकी अधिक धोक्याची

प्रत्यक्षात जळते ती द्रव पेट्रोलची वाफ. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तर ठिणगी पडताच भडका उडतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात. म्हणून ‘आता काय, टाकी तर मोकळी झाली’ असे म्हणून सिगरेट पेटवणारा माणूस सर्वांत मोठा धोका पत्करत असतो. गळकी टाकी नुसती धुऊन तिला वेल्डिंग करणे हा त्यातलाच प्रकार.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते, उतारावरून वाहत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या बहुतेक इमारतींची पार्किंग तळघरात किंवा खालच्या मजल्यांवर आहे. तिथे पंख्याची मोटर, लिफ्ट, शेजारची सुरू होणारी गाडी अशा ठिणग्या असंख्य, आणि वर मुलाबाळांची घरे. त्यामुळे पहिला नियम असा की हे काम इमारतीच्या पार्किंगमध्ये कधीही, कितीही थोड्या वेळासाठी, करायचे नाही.

डिझेलबद्दल आपण निर्धास्त असतो. डिझेलची पेट घेण्याजोगी वाफ तयार व्हायला सुमारे ५५ अंश सेल्सियस तापमान लागते. पेट्रोलला उणे चाळीसही पुरते. मात्र इथल्या जुलैच्या उन्हात तापलेला पत्रा ५५ अंश सहज ओलांडतो. तेव्हा उन्हाळ्यात डिझेललाही पेट्रोलइतकाच मान द्यावा, आणि काम सकाळी लवकर, सावलीत व मोकळ्या हवेत करावे.

कामाचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना अडसर द्यावा. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवावे. मोबाइल दूर ठेवावा. उजेडासाठी तारेचा लोंबता बल्ब नको. तो पडून फुटला की ठिणगी तयारच. बंदिस्त एलईडी टॉर्च बरी.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत नळीत अडीच ते साडेतीन बार दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. ते आपोआप बंद पडते आणि दाब उतरतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हा दाब अगदी कमी असल्याने ही पायरी लागत नाही. त्यानंतर इंजिन थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. तार सोडवताना लहानशी ठिणगी उडू शकते, म्हणून आधी बॅटरी आणि मग टाकी. जोडताना याच्या उलट : टाकी बंद, वाफ गेलेली, आणि सर्वांत शेवटी बॅटरी.

आता इंधन काढायचे. स्कूटरच्या जमान्यात आपण रबरी नळी टाकून तोंडाने पेट्रोल ओढणारे काका पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण करू नये. पेट्रोलचा एक घोट पोटाऐवजी फुप्फुसात उतरला तर जिवावर बेतू शकते. कुणी चुकून गिळलेच तर उलटी करवू नये, सरळ दवाखाना गाठावा. रेशन दुकानात रॉकेल काढायला असे तसा हातपंप मिळतो, तो वापरावा. काही गाड्यांत भरण्याच्या नळीत जाळी किंवा झडप असते आणि नळी आत जात नाही. मग खालचा मार्ग.

बऱ्याच जुन्या जपानी पिकअपच्या लोखंडी टाकीला तळाशी ड्रेन प्लग असतो. तो वर्षानुवर्षे गंजलेला असल्यास आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि योग्य मापाचा पाना लावावा. हातोडा-छिन्नी नको. शक्य तितके इंधन पंपाने काढून मगच प्लग उघडावा, कारण एकदा उघडलेली धार बोटाने थांबत नाही.

इंधनाचे कॅन जमिनीवर ठेवून भरावेत. हौद्यातल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी आग लावायला पुरेशी असते. धातूचे नरसाळे कॅनच्या धातूला टेकलेले असावे. कॅन काठोकाठ भरू नये. तापमान तीस अंशांनी वाढले तर वीस लिटर पेट्रोल अर्ध्या लिटरहून अधिक फुगते.

पाणी गेले होते का?

शेवटी निघालेले लिटरभर इंधन काचेच्या स्वच्छ बरणीत अर्धा तास स्थिर ठेवावे. पेट्रोल लिटरला सुमारे पाऊण किलो, पाणी एक किलो. म्हणून पाणी तळाशी बसते आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. तांबडा गाळ दिसला तर टाकी आतून गंजते आहे.

गावच्या पेट्रोल गाड्यांसाठी एक सूचना. भारतात फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले आणि आता ते सर्रास आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. मर्यादेपलीकडे पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे होतात, आणि इंजिनाला आधी तेच मिळते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे लवकर घडते.

टाकीच्या माथ्यापर्यंत

पंप आणि फ्लोट टाकीच्या माथ्यावर बसवलेले असतात आणि माथा हौद्याखाली दडलेला. मार्ग दोन. एक, टाकीखाली जॅक व फळी देऊन पट्टे किंवा बोल्ट सोडवायचे आणि टाकी हळूहळू उतरवायची. साठ लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ ४५ किलो, आणि ते डचमळते. म्हणून हा मार्ग रिकाम्या टाकीनेच घ्यावा. दुसरा, हौदाच उचलायचा. मागच्या दिव्यांची वायर, अर्थची पट्टी आणि इंधन भरण्याची नळी सोडवून चॅसीवरचे बोल्ट काढले की चार माणसे हौदा बाजूला करू शकतात. बोल्ट शाबूत असतील तर जुन्या गाडीत हा मार्ग अनेकदा सोपा पडतो. पंप काढण्यापूर्वी भोवतीची वाळू ब्रशने झाडावी, नाहीतर ती सरळ टाकीत जाते. गास्केट नवीनच घालावे. डिझेलच्या गाडीत शेवटी फिल्टर बदलून हातपंपाने हवा काढावी लागते.

डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेल्याचे पंपावरच लक्षात आले तर किल्लीसुद्धा फिरवू नये. डिझेल हेच इंजेक्शन पंपाचे वंगण असते. पेट्रोल ते धुऊन टाकते. गाडी ढकलून बाजूला घ्यावी.

स्वतः करावे की करवून घ्यावे?

ज्यांना मोकळी जागा, दुसरा माणूस आणि साधने नाहीत, म्हणजे इमारतीत राहणारे आपण जवळजवळ सगळे, त्यांनी अल कूझ, रास अल खोर किंवा शारजाच्या औद्योगिक भागातल्या गॅरेजात जावे. पण वरील क्रम ध्यानात ठेवून जावे. बॅटरी सोडवली का, जवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू आहे का, काढलेले पेट्रोल कुठे जाणार, हे तीन प्रश्न विचारायला संकोच नको. ते पेट्रोल गटारात किंवा वाळूत ओतू देऊ नये, आणि जुन्या इंजिन ऑइलच्या पिंपातही नको. तिथे मिसळले की सगळे पिंपच ज्वालाग्राही होते. घातक कचऱ्याची रीतसर व्यवस्था असलेले गॅरेज चार दिरहम जास्त घेते, ते द्यावेत.

अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला यंत्र समजले की धोकाही समजला असे वाटते. वाफ मात्र दिसत नाही, आणि तिला आपली पदवी ठाऊक नसते. तेव्हा सवड काढून, दिवसाउजेडी आणि सोबतीनेच या कामाला हात घालावा. आणि आग लागलीच तर गाडीचा मोह सोडून आधी दूर व्हावे, मग नागरी संरक्षण दलाला ९९७ वर फोन करावा.