ताटाचं माप (लेखांक ६) : चहातलं दूध धरायचं नाही

आजरा भागात घरच्या जुन्या माणसाला ‘वर्षभर खायला पुरतं का?’ असं विचारलं, तर उत्तर पायल्यांत मिळतं. इतक्या पायल्या भात कणगीत आहे, म्हणजे पुढच्या सुगीपर्यंत घोर नाही. सरकारंही बरीच वर्षं असंच मोजत आली: पिकलेलं धान्य भागिले माणसं.

पण ते घराघरांत पोचतं किती? १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांकांची रेघ धरून दारिद्र्य मोजलं. अशा रेघेवर हरकत घेतली ती पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस रोमला अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळून आलेला. त्यांचं म्हणणं असं, की ही सरासरी गरज झाली. सरासरी पाय सात नंबरचा निघाला, म्हणून सहा नंबर घालणाऱ्याला चप्पल अपुरी पडते असं कुणी म्हणत नाही. जगात उपाशी किती, हा त्या संघटनेचा दरवर्षीचा आकडा आजही सुखात्म्यांनी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीच्या पायावर उभा आहे. मला त्यांचं गणित पटतं. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, हे त्यांचं पुढचं म्हणणं मात्र लहान मुलांपाशी अडतं. मूल जुळवून घेतं, पण वाढ सोडून.

अंगणवाडीत ते दिसतं. डाव्या दंडाचा मध्य काढायचा, हात सैल सोडायचा, पट्टी गुंडाळायची. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळा. पोरानं रडून हात आखडला की पुन्हा पहिल्यापासून. दंड अलीकडची आबाळ सांगतो, उंची जुनी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, २५.६ टक्के उंचीच्या मानानं हडकुळी.

बायकांसाठी वेगळं माप आहे. कालच्या दिवसरात्रीत दहा अन्नगटांपैकी किमान पाच पोटात गेले का? एका घरी चुलीपाशी बसून मोजून पाहिलं. भात आणि नाचणीची भाकरी, पदार्थ दोन पण गट एक. तुरीची आमटी, दोन. वांग्याची भाजी, तीन. खर्डा धरत नाहीत. चहातलं चमचाभर दूधही नाही. बाकीचं पहाटेच डेअरीला गेलेलं. भौगोलिक मानांकनवाल्या घनसाळ तांदळाचं पोतं तोंड शिवून कोपऱ्यात उभं होतं, गिऱ्हाइकासाठी. घरात शिजलं असतं तरी गट तोच. मागं परड्यात काजूची झाडं दिसली, म्हणून विचारलं, ‘‘आणि काजू?’’

‘‘बिया इकतो न्हवं का आमी,’’ बाई म्हणाल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. ‘‘लिव्हनं बास करा. जेवा आता.’’